लाल मोराची गोण

हेश्मतचा राग यरुशलेमच्या सगळ्या कतमोन वस्तीला माहीत होता, आणि निम्म्या कतमोनच्या तो उपयोगाचाही होता. नळ कोरडा पडला, जिन्यातला दिवा महिनोन्‌महिने लागला नाही, दवाखान्यातल्या बाईने कुणाला दारातूनच परत पाठवलं, की बायका थेट कचेरीत जात नसत. हेश्मतच्या दुकानापुढे येऊन उभ्या राहत आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणत, आज पण पाणी नाही बाई. एवढं पुरायचं. हेश्मत हातातलं माप गोणीत खुपसायची, कमरेचं फडकं सोडून खांद्यावर टाकायची आणि टेकडी चढायला लागायची. परत यायची तेव्हा बरोबर नळ दुरुस्त करणारा माणूस असायचा, किंवा निदान त्याची शिडी तरी.

दुकान म्हणजे काय, तर इमारतीच्या जिन्याखालचा कोनाडा. तांदूळ, मसूर, हळद, वाळवलेली लिंबं, एवढाच माल. पण तांदूळ तिच्यासारखा साऱ्या यरुशलेममध्ये कुणाकडे नव्हता. गोणीवर लाल मोराचा छाप असायचा, पिसारा फुलवलेला. दुसऱ्या छापाची गोण ती दुकानात येऊ द्यायची नाही. इराणातल्या केरमानशाहहून नवी नवरी म्हणून ती ह्या देशात उतरली तेव्हा टेबलामागच्या कारकुनाने विचारलं होतं, तुला काय येतं? ती म्हणाली, मला तांदूळ ओळखता येतो. कारकून हसला होता. आधी तंबू, मग पत्र्याची खोपटी, मग ही ओल धरणारी इमारत, सगळं मागे पडलं. ते हसणं काही पडलं नाही. वीस वर्षं ती त्या हसण्याची परतफेड करत होती, समोर येईल त्याला.

नवरा नूरुल्ला भिंतींना गिलावा करायचा. बायकोच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की हा कानावर टोपी ओढून घ्यायचा. दोन मुलगे मोठे झाले, आणि त्यांच्यामागे बऱ्याच वर्षांनी ही मुलगी. घरात तिला मोर्वारीद म्हणत, म्हणजे मोती. शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी ते नाव जिभेवर दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, त्यापेक्षा हिब्रूत पनीना म्हणू या, अर्थ तोच. अर्थ तोच होता, म्हणून हेश्मत तेव्हा गप्प बसली. ती एकदा गप्प बसली ती चूक झाली, असं ती पुढे नेहमी म्हणायची.

वल्हांडण जवळ आला की जिन्याच्या पायऱ्यांवर तांदूळ निवडायला बायका बसत. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून यहुदी सुटले त्याचा हा सण, आणि खमिराशिवायचा. आठवडाभर घरात पाव नाही, पीठ नाही, फुगणारं काही नाही. तांदळाला बंदी नाही, पण तांदळाच्या पोटात एखादा गहू लपून बसलेला असतो, आणि त्या एका दाण्याने सण बाटतो. म्हणून तांदूळ एकदा नाही, तीनदा निवडायचा. पहिली निवड बायकांची, दुसरी हेश्मतची, आणि तिसरी पोरांची, कारण पोरांचे डोळे ताजे. पांढऱ्या चादरीवर ओंजळभर तांदूळ पसरायचा आणि बोटाने एकेक दाणा सरकवायचा. गहू सापडला की मिसरच्या फारो राजाच्या नावाने शिवी घालून तो कावळ्याला फेकायचा, आणि शोधणाऱ्याला खडीसाखर.

दाणे सरकत असताना हेश्मत गोष्ट सांगायची. मिसरातल्या विटा, बेडूक, टोळ, समुद्र. तिची गोष्ट म्हणजे निम्मी दटावणीच असायची. "चिखल तुडवत होते तुमचे बाप, आणि तुला बसून साधा तांदूळ निवडवत नाही?" असं म्हणून ती एखाद्या पोराच्या डोक्यात टपली मारायची, आणि तो पोरगा मिसर कधी विसरायचा नाही. मांडवांच्या सणाला ती पोरांकडून फांद्या आणवायची, आणि बांधलेल्या मांडवाच्या छपरातून चांदणी दिसली नाही तर सगळा मांडव मोडून परत बांधायला लावायची. पहिल्या पिकाच्या सणाला प्रत्येकाच्या टोपलीत डोकावून बघायची की वर छान आणि खाली सडकं असं तर नाही ना. सण तिने असेच शिकवले, हातांना. इमारतीतली कितीतरी पोरं त्यातून वाढली.

तिसऱ्या निवडीत पनीनाचा हात धरणारं कुणी नव्हतं. शेजारची सबीहा, बगदादची, एकटी विधवा बाई, म्हणायची, ह्या पोरीच्या डोळ्यांत चाळण बसवलीय.

आणि त्या वर्षी पनीना पायऱ्यांवर आलीच नाही.

नऊ वर्षांची पोर वरच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेली. हेश्मतने खालून हाक मारली, मग दुसरी मारली, मग वर गेली. पनीना पुस्तकातून मान वर न करता म्हणाली की ती आता तांदूळ निवडणार नाही, आणि सणात खाणारही नाही. बाईंनी सांगितलंय, वल्हांडणात तांदूळ चालत नाही. ज्या घरात तो शिजतो त्या घरातली भांडीसुद्धा चालत नाहीत. आणि मग, एका दमात, जणू तेवढंच सांगायचं राहिलं होतं: सणाच्या पहिल्या रात्री त्सिपोरा बाई दर वर्षी वर्गातल्या हुशार मुलींना स्वतःच्या घरी जेवायला बोलावतात, ह्या वर्षी तिला बोलावलंय, आणि ती जाणार आहे.

सेदेरच्या, म्हणजे सणाच्या पहिल्या जेवणाच्या रात्री. ज्या रात्री सगळ्या जगाचे यहुदी आपापल्या घरी परत येतात त्या रात्री.

हेश्मतच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पोरीवर तिने हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. खाली आली, माप गोणीत खुपसलं, फडकं खांद्यावर टाकलं. सबीहाने विचारलं, नळ की दिवा? हेश्मत मागे न बघता चालू लागली, तेव्हा सबीहा समजली की हे काहीतरी निराळं आहे.

ती शाळेत पोचली तेव्हा वर्ग सुटून गेला होता. त्सिपोरा बाई एकट्याच खडू गोळा करत होत्या. सडपातळ बाई, पांढरं पोलकं इस्त्रीचं, केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि बसा म्हणाल्या, पनीनाच्या आई ना तुम्ही. हेश्मत बसली नाही. तिचं लक्ष भिंतीकडे गेलं होतं.

भिंतीवर एक मोठं चित्र लावलं होतं. एक बाई केरसुणी घेऊन घर झाडतेय, आणि केरसुणीपुढे सगळा केर लोळतोय: पाव, केक, बियरची बाटली. आणि सगळ्यांत पुढे, उंबऱ्याबाहेर अर्धी ढकललेली, एक गोण. फाटक्या तोंडातून पांढरे दाणे सांडलेले. गोणीवर लाल मोर, पिसारा फुलवलेला.

दुसऱ्या कुणाची गोण असती तर कदाचित ती बोलूनच थांबली असती.

"हे तुम्ही शिकवलं? तांदूळ म्हणजे खमीर?"

बाई शांत होत्या, आणि हेश्मतला तेच सहन होईना. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. त्या म्हणाल्या, खमीर असं नाही म्हणाले मी, वल्हांडणात तो घरात नसलेला बरा एवढंच. त्यांच्या आईच्या घरी कधी नव्हता, आजीच्या घरी नव्हता. आणि मुलांना काहीतरी एक शिकवावं लागतं. "माझ्या वर्गात दर बाकावर निराळा देश बसलाय. दर बाकाला निराळा सण शिकवू का?"

"एकच शिकवायचा तर तुमचाच का? माझा का नाही?"

बाईंनी यावर थोडा विचार केला. खरोखरच केला; हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता असं दिसलं. मग म्हणाल्या, पुस्तकात तसं आहे. हेश्मत म्हणाली, पुस्तक लिहिणाऱ्याने कुणाच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलं ते मला दिसतंय. बाई म्हणाल्या, मला तुमच्याशी भांडायचं नाहीये.

"मी आलेय भांडायला. तुम्ही नका भांडू. उभ्या राहा नुसत्या."

तेव्हा बाई जरा जवळ आल्या आणि आवाज खाली आणून, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलल्या. पनीना फार हुशार आहे. तिला पुढे न्यायचं तर ह्या जिन्याखालून तिला वर काढायला हवं. चार चांगली घरं बघू दे, चांगलं टेबल कसं मांडतात ते बघू दे. आणि माझं म्हणाल तर माझ्या टेबलाशी बसायला माझं कुणी उरलेलं नाही, ते सगळे तिकडेच राहिले, युरोपात. दोन पोरी आल्या की घर भरल्यासारखं वाटतं.

ही शेवटची गोष्ट हेश्मतला ठाऊक नव्हती. ती तिला लागली, आणि लागली म्हणून राग दुप्पट झाला. दुःख तर सगळ्यांनाच आहे. सबीहाचा नवरा इथल्याच तंबूत तापाने गेला, डॉक्टर चिखलातून यायला तयार नव्हता म्हणून. ती काय दुसऱ्याची पोरं उचलून ताटावर बसवते? आपल्या घराचं पोकळपण भरायला कुणाच्या तरी घरातलं लेकरू काढायचं, आणि वर म्हणायचं की तिला वर काढतेय.

ती भिंतीकडे वळली, चित्राचा कोपरा धरला आणि वरपासून खालपर्यंत ओढलं. केरसुणी गेली, बाई गेली. गोण मधोमध फाटली.

"ते मी काढलं होतं," दारातून आवाज आला.

पनीना आईच्या मागोमाग धावत आली असणार. छाती वरखाली होत होती. तिच्यामागे ओसरीत आणखी दोन पोरी उभ्या होत्या, ज्यांच्यापुढे आपली आई अशी दिसावी असं तिला आयुष्यात कधी वाटलं नसतं.

"तू काढलंस?"

"बाईंनी सांगितलं, घरात जे जे आहे ते काढा. आपल्या घरात तेच आहे." मग ती आईकडे न बघता बाईंकडे बघत म्हणाली, "आणि मला बोलावलं नव्हतं बाईंनी. मीच विचारलं होतं, येऊ का म्हणून."

फाटका कागद मुठीत तसाच धरून हेश्मत टेकडी उतरली. दुकानात येऊन मूठ उघडली तर गोणीचा अर्धा भाग हातात होता, मोराची मान, तुरा आणि अर्धा पिसारा. पोरीने एकेक पीस रंगवलं होतं. पिसाच्या डोळ्यात निळा, निळ्यात हिरवा. जी गोष्ट घराबाहेर टाकायची ती कुणी इतकी मन लावून काढतं का? हेश्मतला कळेना, आणि न कळलेल्या गोष्टीचा तिला फार राग यायचा. कागद तिने मापाखाली दाबून ठेवला.

दोन दिवसांत कळलं की हे तिच्याच घरचं दुखणं नाही. गिऱ्हाइकं यायची आणि मापाकडे बघत कुजबुजायची. कुणाचा मुलगा म्हणतो भात करशील तर मी शेजारी जेवीन. कुणाच्या मुलीने आजीला विचारलं, तू इतकी वर्षं पाप खात होतीस का? म्हातारी दोन दिवस जेवली नाही. एक बाई तर तांदूळ परत करायला आली, आणि हेश्मतने तो परत घेतला नाही. म्हणाली, परत घेतला तर मी मान्य केल्यासारखं होईल, जा, कबुतरांना घाल, पण माझ्यासमोर नको.

त्या वर्षी वस्तीतली तरणी पोरं फलक घेऊन रस्त्यावर उतरली होती, घरं द्या, कामं द्या म्हणून, आणि पोलिसांच्या पाण्याच्या मारात भिजून परत येत होती. हेश्मतने त्यांना आधी वेडे म्हटलं होतं. आता तिला वाटलं, ही पोरं घर मागतायत ते ठीक, पण ताटात काय वाढायचं तेही आता कचेरीतून विचारून यायचं का? ती बायका गोळा करून मुख्याध्यापकाकडे गेली. मुख्याध्यापकाने सगळ्यांना चहा दिला. गोड बोलला. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. बाहेर आल्यावर सबीहा म्हणाली, चहात साखर भरपूर होती, म्हणजे काम होणार नाही.

घरात मायलेकींचं बोलणं बंद होतं. नूरुल्लाने एकदा सुचवून बघितलं की सिनेगॉगातल्या म्हाताऱ्या धर्मगुरूंना, हाखामना विचारू, ते सांगतील पोरीला, ज्याच्या बापाची जी रीत ती त्याने पाळावी. हेश्मत त्याच्यावर उखडली. माझ्या आईच्या भाताला मी सही आणायला जाऊ? कुणाकडून? पोरगी हाखामच्या सांगण्यावरून माझ्या ताटावर बसणार असेल तर तिने बाईंच्याच ताटावर बसावं.

मग सबीहाने सुचवलं. पायऱ्यांवर दोघीच होत्या, तिसरी निवड करायला ह्या वेळी पोर नव्हतं, म्हणून दोघी थकल्या डोळ्यांनी दाणे सरकवत होत्या.

"हेश्मत, एक वर्ष नको करूस भात. बटाटे कर. मरतेय का कुणी? पोरगी तरी घरात राहील."

हेश्मतने ऐकून घेतलं. तिने आणखी ओंजळभर तांदूळ चादरीवर पसरला, आणि सबीहाला वाटलं की पटलं. खरं म्हणजे पटत आलंच होतं. पोरीचं एक साधं जेवण, एक रात्र, एक पातेलं. काय बिघडतं? पण हाताखालून दाणे सरकत होते आणि प्रत्येक दाण्यामागे कुणीतरी बसलं होतं: केरमानशाहच्या अंगणात तिची आई, आईची आई, सगळ्या अशाच वाकलेल्या. आज बटाटे केले तर त्या सगळ्याजणी एका रात्रीत खमीर खाणाऱ्या ठरणार. आणि ठरवणार कोण, तर मीच.

"बटाटे केले तर पोरगी ताटावर बसेल," ती शेवटी म्हणाली, "पण मग तिला वाढणारी आई नसेल, मोलकरीण असेल. नाही करणार."

सबीहाने गव्हाचा एक दाणा उचलला, फारोला शिवी दिली आणि रस्त्यावर फेकला. खडीसाखर मागितली नाही.

सणाच्या संध्याकाळी पनीनाने पांढरा फ्रॉक घातला, केस स्वतःच विंचरले. नूरुल्लाने मध्यस्थी करून एवढं ठरवलं होतं की पोटली होईपर्यंत तिने घरी थांबायचं, मग तो तिला बाईंच्या घरापर्यंत सोडून येईल. पोटलीशिवाय त्या घरात सेदेर सुरूच होत नसे. रीत अशी होती: घरातलं सगळ्यांत धाकटं लेकरू बेखमीर भाकर फडक्यात बांधून खांद्यावर टाकतं, दाराबाहेर जातं आणि दार ठोठावतं. आतले विचारतात, कुठून आलास? ते म्हणतं, मिसरातून. कुठं निघालास? यरुशलेमला. मग त्याला आत घेतात. आणि नूरुल्ला दर वर्षी तोच विनोद करायचा: कुठल्या यरुशलेमला? आमच्या असेल तर येताना बादली आण, गटार तुंबलंय. दर वर्षी सगळे हसायचे, हेश्मतसुद्धा.

टेबलावर पांढरी चादर, ज्यावर तांदूळ निवडला तीच, धुऊन. दोन्ही मुलगे, सबीहा, नूरुल्ला. चुलीवर भात दम खात होता आणि त्याचा वास घरभर फिरत होता, कुणाला विचारत नव्हता. हेश्मतने भाकर फडक्यात बांधली. गाठ मारताना तिने ती इतकी आवळली की आत भाकर मोडल्याचा आवाज आला. पोटली पोरीच्या खांद्यावर ठेवली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

पनीना बाहेर गेली. दार लागलं.

सगळे ठोठावण्याची वाट बघत राहिले. थोरल्या मुलाने घसा साफ केला. सबीहाने चादरीवरची सुरकुती सरळ केली. दाराबाहेर जिन्यात कुणाच्या तरी घरातलं वाचन ऐकू येत होतं, वरच्या मजल्यावर कुणी हसलं. ठोठावलं कुणीच नाही. धाकट्याने उठून दार उघडलं. जिना रिकामा होता.

नूरुल्ला उठला. हेश्मत म्हणाली, "बस."

"खानम, अंधार पडतोय."

"पुनव आहे. रस्ता माहीत आहे तिला. तिने स्वतः विचारून घेतलाय. बस म्हणतेय ना."

तो बसला. हेश्मत डोळे न हलवता दाराकडे बघत होती. तिच्या डोक्यात भांडण चालू होतं: बाईंशी, कारकुनाशी, गोड चहाशी, आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतःशी. चित्र फाडलं नसतंस तर? दोन शब्द नरम बोलली असतीस तर? आणि लगेच दुसरा आवाज: नरम बोलणाऱ्यांची पोरं राहिलीत का घरात? सबीहाने एकदा वाचायला सुरुवात करू या का म्हणून विचारलं. हेश्मतने मान हलवली. धाकटं बाहेर असताना वाचतात का? भाताचा वास आता जरा करपट व्हायला लागला होता, आणि ती उठून विस्तवसुद्धा कमी करत नव्हती.

मग दारावर आवाज झाला. ठोठावल्याचा नाही. लाथ मारल्याचा.

विचारायचं नूरुल्लाने असतं, पण तो उठायच्या आत हेश्मतच उठून दाराशी गेली, आणि दार न उघडता, खरखरीत आवाजात म्हणाली:

"कुठून आलीस?"

बाहेरून, दातांवर दात घट्ट ठेवून, एकेक शब्द:

"मिसरातून."

"कुठं निघालीस?"

"घरी. दार उघड."

नूरुल्लाचा विनोद त्या वर्षी झाला नाही.

पोरीचा चेहरा लाल होता, फ्रॉकला टेकडीची माती. पोटली अजून खांद्यावर होती. ती आत आली, टेबलाशी उभी राहिली, आणि कुणी विचारायच्या आत सांगायला लागली. बाईंनीच दार उघडलं. बाई हसल्या, ये म्हणाल्या. खांद्यावर काय आहे विचारलं. तिने सांगितलं, आमच्याकडची भाकर, तुमच्यासाठी पण आणली, पोटलीचा खेळ तुमच्याकडे करू या. तेव्हा बाई म्हणाल्या, ते बाहेरच ठेव बाळ, पायरीवर, तुमच्या घरात ते कशाला लागलं असेल कुणाला माहीत. जाताना घेऊन जा.

"रागावून नाही म्हणाल्या," पनीना म्हणाली. "प्रेमानेच म्हणाल्या."

हेश्मतने कमरेचं फडकं सोडलं आणि खांद्यावर टाकलं. घरातल्या सगळ्यांना कळलं की आता ती सणाच्या रात्री टेकडी चढणार. थोरला दार अडवून उभा राहिला. पण पनीनाने तिचं फडकं धरलं.

"तू नको जाऊस. मी बोलले."

"काय बोललीस?"

"म्हटलं, भाकर बाहेर तर मी पण बाहेर."

हेश्मत मुलीकडे बघत राहिली. केरमानशाहपासून आत्तापर्यंत तिला जेवढी माणसं माहीत होती, त्यांतल्या एकाच माणसाचा चेहरा रागावल्यावर असा दिसायचा, आणि तो तिने फक्त आरशात पाहिला होता.

"पण बाई वाईट नाहीत," पनीना म्हणाली, अजून तशीच रागात. "आणि तू माझं चित्र फाडलंस. आणि भात मी खाणार नाही."

"तुला देतंय कोण?" हेश्मत म्हणाली. "बस."

वाचन झालं. भराभर झालं, कारण सगळ्यांना भूक लागली होती आणि भात करपत होता. जेवण आलं तेव्हा हेश्मतने मोठं पातेलं टेबलाच्या मधोमध आपटलं आणि झाकण काढलं. तळाची खरवड त्या दिवशी काळी झाली होती. सबीहा म्हणाली, करपला तरी आपलाच आहे, वाढ. ताटं भरली. पनीनाचं ताट रिकामं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत ताठ बसली होती, उपाशी झोपायची तयारी केलेल्या माणसासारखी.

हेश्मत आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक छोटं पातेलं होतं, कोरं करकरीत, बुडाला अजून दुकानाचा कागद चिकटलेला. भाताला कधी न शिवलेलं. त्यात उकडलेले बटाटे आणि दोन अंडी. दुपारीच केलेली, गार झालेली.

"हे कधी आणलंस?" नूरुल्लाने विचारलं.

"तू जेव," ती म्हणाली.

पनीनाने पातेल्यात बघितलं, आईकडे बघितलं. बटाटा उचलला आणि सोलायला लागली, साल जाड काढत. मग मान वर न करता म्हणाली, मीठ. हेश्मतने मिठाच्या पाण्याचा वाडगा तिच्यापुढे असा ठेवला की अर्धं पाणी चादरीवर सांडलं.

"आणि सण संपला की तो कागद चिकटवून दे मला," पनीना तोंडात घास असताना म्हणाली. "मोर पुन्हा काढायला तीन दिवस लागतात."

"अर्धाच आहे माझ्याकडे. उरलेला त्या भिंतीवर."

"मग ये माझ्याबरोबर शाळेत. दोघी मागू."

"मागायचा कशाला?" हेश्मत म्हणाली, आणि स्वतःच्या ताटात करपलेला भात वाढून घेतला. "आपलाच आहे. घेऊन येऊ."